आमची वाटचाल : गिटार विकत नाही, सेट करून देतो

आमच्या दुकानात विकायला एकही गिटार नाही. २००९ पासून नाही आणि पुढेही नसेल. नागपुरात विकणारे पुष्कळ आहेत, बर्डीवर आहेत, सदरला आहेत, त्यांनी विकाव्यात. आम्ही सेटिंग करतो, म्हणजे गिटार मोजून, घासून वाजवणाऱ्याच्या हाताला जुळवून देतो. ॲकॉस्टिक गिटार, त्याही बहुतेक पाच ते पंधरा हजारांच्या, म्हणजे ज्यांच्याकडे दुसरं कुणी धड पाहत नाही अशा. लोक विचारतात, "नुसत्या सेटिंगवर घर चालते का भाऊ?" चालतं. मध्ये एकदा शटर पाडायची वेळ आली होती. ती का आली, हे बरेच जण वेगळंच सांगत फिरतात, म्हणून आता मीच लिहून ठेवतो.

मी मूळचा फिटर. आयटीआय करून हिंगण्याला एमआयडीसीत लागलो आणि संध्याकाळी गिटारच्या क्लासला जाऊ लागलो. एफ कॉर्ड, म्हणजे एकाच बोटाने सगळ्या तारा दाबून वाजवायचा सुरांचा मेळ, काही केल्या वाजेना. सर म्हणायचे, बोटांना घट्टे पडू दे, आपोआप वाजेल. सगळ्यांनाच हे सांगितलं जायचं आणि दिवाळीनंतर निम्मी पोरं गळायची. माझ्या खिशात स्टीलची पट्टी असायचीच, ती लावून पाहिली. फ्रेट म्हणजे नेकवरचे, गिटारच्या मानेवरचे, धातूचे आडवे उंचवटे. बाराव्या फ्रेटवर सगळ्यांत जाड तार, जाड ई, फ्रेटपासून चांगली ४ मिलिमीटर वर. नटच्या, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा इतक्या उथळ की पहिल्या फ्रेटवर दाबलं की सूर चढायचा. कारखान्यात नवं मशीन आलं की आधी अलाइनमेंट पाहतात, मग चालवतात. गिटार मात्र खोक्यातून काढून थेट पोराच्या हातात. मग त्याला एफ वाजत नाही, याला जबाबदार कोण?

लाकडाचं काम मला महालातल्या हार्मोनियमवाल्या काकांनी शिकवलं. त्यांच्याकडे रंधा, पटाशी, चार-पाच जातींच्या कानशी आणि सरस शिजवायचं एक काळं पडलेलं भांडं. माझ्याकडे व्हर्निअर, सरळ पट्टी आणि टॅपेट सेट करायचा फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा. ते कानाने काम करायचे, मी मापाने. भागीदारी अर्धी-अर्धी, कागद केला नाही, कधी गरजही पडली नाही. काका माळकरी होते, हाडाला हात लावत नसत. आणि नट असो की सॅडल (गिटारच्या पोटावरच्या ब्रिजमध्ये बसते ती, तारा टेकायची पट्टी), चांगला तो हाडाचाच. म्हणून लाकूड त्यांच्याकडे, हाड माझ्याकडे अशी वाटणी झाली. हाड घासायला घेतलं की दातांच्या दवाखान्यासारखा वास सुटतो. काका उठून समोरच्या टपरीवर जाऊन बसायचे. मी भुकटी पुसून उदबत्ती लावली की मगच आत यायचे.

नटच्या खाचा काढायच्या जपानी फायली तेव्हा आवाक्याबाहेर होत्या. मी गॅस वेल्डिंगचं नोझल साफ करायच्या काड्यांचा सेट आणला. प्रत्येक काडीची जाडी वेगळी, वर बारीक दाते, तारेच्या मापाची निवडायची. पुढे फायली घेतल्या, पण पातळ दोन तारांसाठी अजूनही हात त्या काड्यांकडेच जातो.

कामाचा क्रम एकच : आधी रॉड (नेकच्या आतली सळई, आवळून-सैल करून नेकचा बाक ठरवायची), मग नट, मग सॅडल. हा क्रम उलटा करणाऱ्याच्या हातात गिटार देऊ नका. तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर दाबून मधल्या फटीत ०.२ ते ०.२५ मिलिमीटरची पाती जेमतेम सरकली पाहिजे. रॉड एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आणि मग गिटार थोडी बाजूला ठेवायची. लाकूड लगेच जाब देत नाही. नटसाठी तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवर नजर टाकायची. तिथे दिसेल न दिसेल एवढीच फट हवी. सॅडल शेवटी. बाराव्या फ्रेटवर तार अर्धा मिलिमीटर उतरवायची तर सॅडल एक मिलिमीटर घासावी लागते. पेन्सिलची रेघ मारायची, काचेवर पॉलिश पेपर चिकटवायचा आणि सॅडलचं बूड त्यावर सरळ ओढायचं. बूड तिरकं गेलं की ब्रिजमध्ये नीट बसत नाही आणि आवाज मरतो. बाराव्या फ्रेटवर जाड ई २.४ मिलिमीटर, पातळ ई १.८, हे आमचं नेहमीचं माप. जोरात स्ट्रमिंग करणाऱ्याला थोडं वर.

सुरुवातीची पाच वर्षं बरी गेली. नोकरी सोडली, दुकान महालातून गोकुळपेठेत आणलं, लग्न झालं.

मग २०१५ ला मेन रोडवर ते मोठं दुकान आलं. नाव लिहीत नाही, नागपूरकरांना लिहायची गरजही नाही. काचेचा दरवाजा, आत एसी, बाहेर फलक : प्रत्येक गिटारवर फ्री सेटअप, आयुष्यभर. आम्ही तेव्हा चारशे रुपये घेत होतो. फुकटासमोर चारशे कोण देणार? तरी फुकटाचं दुःख नव्हतं, त्यांच्या धंद्याचा तो प्रश्न. दुःख दुसरंच होतं. क्लासवाले सर, ज्यांच्या पोरांच्या गिटारी आम्ही अडीअडचणीला रात्री जागून केल्या होत्या, ते म्हणू लागले, "तिकडे प्रत्येक पोरामागं काहीतरी मिळते. तुम्ही काय देता?" मी म्हटलं, वाजणारी गिटार देतो. ते हसले आणि पोरं तिकडे वळली. त्यानंतर माझ्या हाताखाली तीन वर्षं शिकलेला पोरगा तिकडे गेला. जा बाबा, पगार दुप्पट होता. पण त्याच महिन्यात बातमी पसरली की गोकुळपेठेत गिटार कापतात. कापतात! घासलेल्या सॅडलची भुकटी पाहून कुणा पालकाला तसं वाटलं असेल म्हणावं, तर ही बातमी नेमकी त्यांच्याच काउंटरवरून ऐकायला का मिळायची?

आणि त्यांचा फ्री सेटअप काय होता? एक पोरगा, एक ॲलन की. गिऱ्हाईक म्हणालं ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, वर आहे, की रॉड आवळ. ट्रस रॉड ॲक्शन उतरवायला नसतो, तो तारांच्या ओढीसमोर नेक किती वाकू द्यायची ते ठरवतो. बारा नंबरचा, म्हणजे जाडसर तारांचा, सेट चढवला की नेकवर सुमारे ७० किलोची ओढ असते. रॉड आवळत गेलं की नेक उलटी वाकते, पहिले चार-पाच फ्रेट खरखरतात. मग नटखाली कागदाची घडी घाल. मग ॲक्शन परत वर. मग रॉड परत आवळ. शेवटी रॉडच्या तोंडाचे कोपरे झिजतात आणि ॲलन की नुसती फिरते.

२०१६ संपता संपता तीन महिन्यांचं भाडं थकलं होतं, वर नोव्हेंबरात नोटाबंदी. शाळांच्या पेट्या सुरात लावून दे, कुणाच्या लाकडी खुर्चीचा पाय बसवून दे, असली कामं करून दिवस काढले. स्कूटर विकली. काका म्हणाले, माझा वाटा राहू दे. मी तो राहू दिला नाही, उशिरा का होईना पोचवला, हेही इथे नोंदवतो, कारण त्यावरूनही लोक बोलले.

त्या काळात एक माणूस हलला नाही. अजनीचे गार्डसाहेब. २०२२ पासून रेल्वेने या पदाचं नाव ट्रेन मॅनेजर केलं, पण आमच्याकडे ते गार्डसाहेबच. त्यांची गिटार कोलकात्याची जुनी, आत फिरवता येणारा रॉडच नाही, नेक धनुकलीगत वाकलेली. पहिल्यांदा आणली तेव्हा दोन दुकानांनी भिंतीवर टांगा म्हणून परत पाठवली होती. आम्ही सगळे फ्रेट काढले, काकांनी फ्रेटबोर्ड रंधून सरळ केला, नवे फ्रेट बसवले, वर दहा नंबरच्या तारा. सदरच्या चर्चमध्ये नाताळाला ते वाजवतात, म्हणून नोव्हेंबर लागला की गिटार आमच्याकडे. माणूस घासाघिशीत पक्का, दहा रुपयांसाठी अर्धा तास उभा राहील. पण त्या वर्षी तीनदा गिटार घेऊन आले. मी म्हणालो, साहेब, हिला काही झालं नाही. तर म्हणाले, "पाहून तर घ्या, पट्टी तर लावा." आणि दराच्या बोर्डावरचे पूर्ण पैसे ठेवून गेले. रेल्वे क्वार्टरमधली निम्मी गिऱ्हाइकं त्यांनीच पाठवली.

दुकान सावरलं ते आमच्या हुशारीने कमी आणि नागपूरच्या उन्हाने जास्त. पावसाळ्यात लाकूड ओल पितं, गिटारचा टॉप, म्हणजे वरची फळी, फुगतो, तारा वर जातात. तेव्हा काही न मोजता सॅडल घासून टाकली की गिऱ्हाईक खूश. मग मे येतो. लाकूड सुकतं, टॉप बसतो, तारा खाली येतात. फ्रेटबोर्ड रुंदीत आकसतो आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन बोटांना ओरबाडतात. नवतपा लागला की सगळ्या गिटारी एकदमच कुरकुरायला लागतात. २०१७ च्या उन्हाळ्यात त्या आयुष्यभरवाल्या गिटारी आमच्या दारात आल्या. झिजलेले रॉड, नटखाली कागद, नको तेवढ्या उतरलेल्या सॅडल. एकाच्या नटखाली तर बसचं तिकीट निघालं. ते मी ठेवलं आहे.

तेव्हापासून आम्ही चिठ्ठी द्यायला लागलो. आली तेव्हाची मापं डावीकडे, गेली तेव्हाची उजवीकडे, खाली तारीख आणि त्या दिवशी खोलीत ओलावा किती होता ते. पोरं ती चिठ्ठी मोबाइलवर एकमेकांना पाठवतात. मेन रोडचा फलक २०१९ मध्ये उतरला, दुकान अजून आहे. काका त्याच वर्षी गेले. लॉकडाउनमध्ये लोकांनी घरबसल्या गिटारी मागवल्या, दुकानं उघडल्यावर त्या आमच्याकडे आल्या. त्यानंतरचं सांगण्यासारखं काही नाही, काम आहे.

कूलरबद्दल मात्र बोलतो, कारण कुणी विचारत नाही. गिटार कूलरच्या झोतात ठेवू नका. ती खोली पावसाळ्याइतकी दमट असते आणि दार उघडलं की बाहेर कोरडी भट्टी. दिवसातून चारदा हा झटका लाकडाला सोसत नाही. केसमध्ये ठेवा, केस पलंगाखाली. ४५ टक्क्यांपासून ५५ पर्यंत ओलावा बरा, मीटर चारशेत मिळतो, गिटारच्या कव्हरपेक्षा आधी तो घ्या. उन्हात उभ्या गाडीत तर कधीच ठेवू नका, सरस मऊ पडतो आणि ब्रिज उचलला जातो. नव्या माणसाने बारा नंबरचा सेट लावू नये, यूट्यूबवाला काहीही म्हणो. आणि धंदा करणाऱ्या पोरांना सांगतो : दराचा बोर्ड लावा, आणि क्लासवाल्याला एक रुपया देऊ नका. दिलात की पुढच्या वर्षी दोन मागेल.

माझा तो गेलेला पोरगा आता तिथे वर्कशॉप सांभाळतो. अवघड काम आलं की मागच्या दाराने माझ्याकडे पाठवतो, झिजलेला रॉड असेल तर हमखास. मी करतो. त्यांचा दर वेगळा आहे.

दुकान दुपारी एक ते चार बंद. मे महिन्यात अर्जंट काम घेत नाही. आणि गिटार आणताना तारा काढून आणू नका, ताणाखाली नेक कशी उभी आहे ते पाहिल्याशिवाय मी दर सांगत नाही.