तुम्ही विचारलंत म्हणून: 'असं असतंच यांचं' म्हणतात, मग नैराश्य ओळखायचं कसं?

प्रश्न साधारण असा येतो: 'माझ्या बहिणीला बौद्धिक अक्षमता आहे. तीन महिने झाले, ती चिडते, मारायला धावते, रात्री जागी असते. दाखवलं तर सांगितलं, असं असतंच यांचं. हे नैराश्य असू शकतं का? तिला सांगता येत नाही, मग कळणार कसं?'

असू शकतं, आणि कळूही शकतं. 'असं असतंच यांचं' हे उत्तर मात्र साध्या हिशेबातही टिकत नाही. बौद्धिक अक्षमता चार महिन्यांपूर्वी होती, चार वर्षांपूर्वीही होती. जे तेव्हा नव्हतं आणि आता आहे, त्याचं कारण वेगळं शोधायला हवं. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये ही चूक दाखवून दिली. त्यांनी मानसशास्त्रज्ञांना एकाच त्रासाचं वर्णन वाचायला दिलं. त्या माणसाला बौद्धिक अक्षमता आहे असं लिहिलेलं असलं, की तोच त्रास मानसिक आजार म्हणून ओळखला जाण्याचं प्रमाण घटायचं. मोठ्या निदानाची सावली पडते आणि तिच्यात दुसरं निदान दिसेनासं होतं. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या १०२३ प्रौढांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. तपासणीच्या वेळी ६.६ टक्के लोकांना नैराश्यासारखे भावस्थितीचे आजार होते. म्हणजे ही दुर्मिळ गोष्ट मुळीच नव्हे.

नैराश्य म्हटलं की गप्प बसलेला, रडवेला माणूस डोळ्यांपुढे येतो. सौम्य अक्षमता असलेली व्यक्ती तशी दिसेलही. 'मी वाईट आहे', 'मला कोणी नको' असं ती बोलूनही दाखवेल. पण अक्षमता जितकी तीव्र, तितकं नैराश्य शब्दांऐवजी शरीरातून आणि वागण्यातून बाहेर येतं. चिडचिड वाढते. आवडीचं गाणं लावलं तरी मान वळत नाही. पहाटे तीनला जाग येते आणि पुन्हा झोप लागत नाही. स्वतःचे कपडे स्वतः घालणारी मुलगी बाही हातात धरून उभी राहते. वर्षानुवर्षं कोरडी असलेली गादी ओली होऊ लागते. याला हट्ट म्हणतात, आळस म्हणतात. २००७ मध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी निदानाचे सुधारित निकष आले. त्यांत उदास मनाच्या जागी चिडकं मन धरायला मुभा आहे आणि पाचऐवजी चार लक्षणं पुरेशी मानली आहेत. कारण उघड आहे: अपराधी वाटणं, मरणाचे विचार येणं ही लक्षणं सांगायला भाषा लागते.

सगळ्यात फसवी असते ती जुनी सवय. मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट सोव्हनर यांनी १९८६ मध्ये तिकडे लक्ष वेधलं: मानसिक आजार आला की आधीपासून असलेलं वागणंच वाढतं. डोकं आपटणं पूर्वी महिन्यातून एकदा होतं, आता दिवसातून चारदा आहे. घरचे म्हणतात, 'ते तर ती लहानपणापासून करते.' करते, खरं आहे. पण महिन्यातून एकदावरून दिवसातून चारदावर कधी गेली, हा प्रश्न राहतोच.

म्हणून तुलना दुसऱ्या कुणाशी करायची नाही. तिची तुलना तिच्याशीच. त्यासाठी कागद लागतो, आठवण पुरत नाही. आधी 'पूर्वीची ती' लिहून काढा, साधारण वर्षभरापूर्वीची: किती वाजता झोपायची, किती वेळा उठायची, कुणाला पाहून पळत यायची, कोणती कामं न सांगता करायची, कशाने हसायची. हे दोन-तीन माणसांना वेगवेगळं विचारा. एकत्र बसवलं की मोठ्या आवाजाचं म्हणणं सगळ्यांचं होतं. मग सलग चौदा दिवस रोजची नोंद ठेवा. झोपायला गेल्याची, झोप लागल्याची, जाग आल्याची वेळ. प्रत्येक जेवण पूर्ण, अर्धं की टाकलेलं. आठवड्यातून एकदा वजन, त्याच काट्यावर. शौचाला झाली का, पाळी कधी आली. तिच्या आवडीच्या चार गोष्टी आणि त्यांपैकी आज कोणत्या केल्या. चिडली किंवा रडली तर त्याच्या आधी काय घडलं, नंतर आपण काय केलं.

या नोंदी बिघडतात त्या ठरावीक कारणांनी. रविवारी रात्री बसून सात दिवसांचे रकाने भरले जातात. फक्त मारामारीचे प्रसंग लिहिले जातात; जी शांत कोपऱ्यात बसून राहिली ती दुपार कोरी राहते, आणि नैराश्यात ती दुपारच महत्त्वाची असते. तिसरी चूक अर्थ लिहिण्याची. 'आज उदास होती' यातून तपासणाऱ्याला काही मिळत नाही. 'शेजारची मैत्रीण आली तरी वर पाहिलं नाही, भिंतीकडे तोंड करून ४० मिनिटं बसली' यातून पुष्कळ मिळतं.

नोंदी चालू असतानाच शरीराची तपासणी. हा टप्पा गाळू नका. किडलेला दात, बद्धकोष्ठ, कानातला मळ, छातीतली जळजळ, लघवीचा संसर्ग यांपैकी काहीही झोप उडवतं, भूक मारतं, माणसाला चिडकं करतं. जिला 'दुखतंय' म्हणता येत नाही तिच्या बाबतीत वेदना शोधून काढावी लागते. रक्तात थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर आणि बी-१२ पाहायला सांगा. ऐकणं आणि दिसणं तपासून घ्या. फिटची औषधं चालू असतील तर त्रास सुरू होण्याच्या आधीच्या काही आठवड्यांत गोळी बदलली होती का, डोस वाढवला होता का, हे जुन्या चिठ्ठ्या काढून बघा. लेव्हेटिरासिटाम आणि फेनोबार्बिटोन ही दोन्ही औषधं काही जणांना चिडकं आणि उदास करतात. डाउन सिंड्रोम असेल तर थायरॉइडची कमतरता आणि झोपेत श्वास अडकणं आधी वगळा. चाळिशी ओलांडली असेल तर अल्झायमरचाही विचार करावा लागतो. आणि तरुण वयात काही आठवड्यांत बोलणं बंद झालं, हालचाल अर्ध्यावर गोठू लागली, घास तोंडात तसाच राहू लागला, तर तो कॅटाटोनिया, म्हणजे शरीर गोठवणारा मानसिक आजार, असू शकतो. त्यात थांबून नोंदी करत बसायचं नाही, ताबडतोब मनोविकारतज्ज्ञांकडे न्यायचं.

आता तिच्याशी बोलणं. थोडंफार बोलणाऱ्या व्यक्तीला आपण विचारत नाही, हा मला सर्वांत मोठा अन्याय वाटतो. डॉक्टर घरच्यांकडे पाहून 'झोप कशी आहे हिची?' विचारतात आणि ती शेजारीच बसलेली असते. पहिला प्रश्न तिला विचारा. पण विचारण्याची पद्धत बदलायला हवी. मोठ्या माणसांना 'हो' म्हटलं की सगळे खूश होतात, हे अनेक जण लहानपणीच शिकलेले असतात. 'तुला वाईट वाटतं का?' याला हो. 'तुला छान वाटतं का?' यालाही हो. म्हणून चित्रं ठेवा: हसरा चेहरा आणि रडका चेहरा. आधी खात्री करा की तिला ते कळतात. तिच्या वाढदिवसाला कोणता चेहरा, पडून लागलं तेव्हा कोणता, असं विचारा. मग मुद्द्याचा प्रश्न. थोड्या वेळाने चित्रांची जागा बदलून तोच प्रश्न पुन्हा. दोन्ही वेळा ती उजवीकडचंच चित्र दाखवत असेल तर ते उत्तर धरू नका. 'गेल्या दोन आठवड्यांत' असं म्हणून उपयोग होत नाही, 'दादा गावाला गेला त्यानंतर' असं म्हणा. 'का' विचारू नका, त्यात ओरडा ऐकू येतो. वीस-पंचवीस मिनिटांत थांबा, उरलेलं दुसऱ्या दिवशी.

प्रश्नावल्या आहेत. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्लासगो नैराश्य मापनश्रेणीत वीस प्रश्न असतात, प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण. सोबत राहणाऱ्या माणसासाठी सोळा प्रश्नांचा वेगळा भाग आहे. तेरा किंवा जास्त गुण आले तर पूर्ण तपासणी करायची. एवढाच त्या आकड्याचा अर्थ. ज्यांना मुळीच बोलता येत नाही त्यांच्यासाठी निरीक्षणावरची साधनं वापरतात आणि तिथे तुमच्या चौदा दिवसांच्या नोंदीचं वजन सर्वांत जास्त.

एक गोष्ट स्वतःहून कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम विचारावी लागते: घरातून कोण गेलं? आई किंवा वडील वारले, भावंडाचं लग्न झालं, आवडत्या शिक्षिका बदलल्या, शाळा संपली आणि दिवस एकदम रिकामा झाला. तिला त्रास नको म्हणून 'बाबा गावाला गेलेत' असं सांगितलं जातं, अंत्यविधीपासून दूर ठेवलं जातं. मग ती महिनोन् महिने दाराकडे पाहत बसते. सांगा, साध्या शब्दांत: 'बाबा मेले. त्यांचं शरीर थांबलं. ते परत येणार नाहीत. तुझी काही चूक नाही.' 'झोपले', 'देवाकडे गेले' असे शब्द टाळा, त्यातून झोपेची किंवा देवाची भीती बसते. एकदा सांगून भागत नाही. ती पुन्हा पुन्हा विचारेल, दर वेळी तेच शब्द वापरा. आणि छळ किंवा लैंगिक अत्याचार होत नाही ना, हे तपासणाऱ्याने तिला एकटीला भेटून पाहायलाच हवं. ही शंका घेणं घरच्यांना अपमानास्पद वाटतं. वाटू दे.

उपचारात मी सुरुवात दिवसाच्या आखणीपासून करायला सांगेन. २०१७ मध्ये सौम्य ते मध्यम अक्षमता आणि नैराश्य असलेल्या १६१ प्रौढांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला ठरवून कृतींकडे वळवणारा उपचार, दुसऱ्याला चित्रांच्या पुस्तिका वापरून केलेली मार्गदर्शित मदत. दोन्हींमध्ये ओळखीचा एक सोबती बरोबर बसायचा. वर्षभराने दोन्ही गट सुधारलेले होते आणि त्यांत फारसा फरक नव्हता. म्हणजे अमुकच पद्धत हवी यापेक्षा कुणीतरी नेमाने, रचनेने, सोबत बसून काम करणं महत्त्वाचं असावं, असं मला त्यातून दिसतं. घरी करायचं ते असं. पूर्वी तिला आवडणाऱ्या कृतींची चित्रं किंवा फोटो काढा. त्यांतून दिवसाच्या दोन, प्रत्येकी दहा मिनिटांच्या, ठरल्या वेळेला. निवड तिची. 'बागेत जाणं' मोठं वाटत असेल तर आज फक्त चपला घालून दारापर्यंत. आधी आणि नंतर चेहऱ्याच्या चित्रावर बोट ठेवायला सांगा. बरं वाटलं की करू, असं म्हणत थांबू नका, नैराश्यात क्रम उलटा असतो: आधी हालचाल, मग थोडं बरं.

हे फसतं कधी? सोबतची व्यक्ती घाईत सगळं स्वतः उरकते तेव्हा. पहिल्या आठवड्यातच सहा कृती ठेवल्या जातात तेव्हा. आणि कृतीचं बक्षीस किंवा शिक्षा होते तेव्हा, 'मारलंस ना, आज बाग बंद.' ज्यातून ती बरी होणार आहे तेच आपण काढून घेतो.

औषध मध्यम किंवा तीव्र नैराश्यात लागतं, खाणं-पिणं सुटलं असेल तर लवकर लागतं. नियम एवढाच: कमी डोसने सुरुवात, हळू वाढ, एका वेळी एकच बदल. एरवी सर्ट्रालीन हे नैराश्यावरचं औषध ५० मिलिग्रॅमने सुरू करतात, इथे बहुधा २५ने. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या दोन आठवड्यांत मळमळ आणि अस्वस्थता येऊ शकते. ती सांगू न शकणारी व्यक्ती येरझाऱ्या घालते, ढकलते. ते आजार वाढल्याचं लक्षण समजून दुसरी गोळी दिली जाते, मग तिसरी. म्हणून गोळीच्या पहिल्या दिवसापासून नोंदवही पुन्हा उघडा. फिट येत असतील तर नैराश्यावरच्या औषधांपैकी ब्युप्रोपियॉन आणि क्लोमिप्रामीन टाळतात, आणि फ्लुओक्सेटीन दिलं तर फेनिटोइन किंवा कार्बामाझेपीन या फिटच्या औषधांची रक्तातली पातळी वाढू शकते, हे डॉक्टरांना आठवण करून द्यायला संकोचू नका. बरं वाटल्यावरही किमान सहा महिने गोळी चालू राहते आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी होते. एका दिवशी बंद करायची नाही.

चिडचिडीवर थेट रिस्पेरिडॉनसारखं, मुळात स्किझोफ्रेनियासारख्या आजारांवरचं औषध लिहून दिलं तर विचारा: निदान काय केलंत? २००८ मध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या, आक्रमक वागणाऱ्या ८६ जणांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रिस्पेरिडॉन, त्याच प्रकारचं हॅलोपेरिडॉल आणि बिनऔषधी गोळी, तिन्ही गटांत आक्रमकपणा कमी झाला आणि सर्वांत जास्त घट बिनऔषधी गोळीच्या गटात होती. वजन आणि सुस्ती वाढवणारं औषध नैराश्याच्या जागी घेण्याचं कारण नाही.

'मला मरायचंय' असं ती म्हणाली तर ऐकलेलं बोलतेय, तिला अर्थ कळत नाही, असं समजू नका. अर्थ अर्धवट कळत असला तरी कृती पूर्ण होऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, औषधं कुलपात ठेवा, तिला एकटं सोडू नका.

आणि ती बरी झाली की एक पान लिहून ठेवा: या वेळी सगळ्यात आधी काय बदललं होतं. बहुतेकदा ती गोष्ट लहान असते, गाणं लावायला सांगणं बंद झालं, आंघोळीला वेळ लागू लागला. तिच्यासोबत नवीन राहायला येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या हातात ते पान पहिल्याच दिवशी द्या.