तुम्ही विचारलंत म्हणून: लोकशाहीवाले देश हुकूमशहांना का पोसतात?

सांगलीत एमपीएससीच्या मुलांना आंतरराष्ट्रीय संबंध शिकवते, त्यामुळे दर बॅचला कुणीतरी विचारतंच, की मॅडम, अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स उठताबसता लोकशाहीचं नाव घेतात आणि मग सौदीला, इजिप्तला शस्त्रं कशी देतात, लाज नाही वाटत? हल्ली लग्नाच्या पंगतीत नातेवाईकपण विचारायला लागलेत. लाजेचं सोडा, हिशोब पक्का असतो: लष्करी तळ, तेल, जहाजांचा रस्ता आणि शत्रूचा शत्रू. एवढं कुठल्याही गाईडमध्ये मिळेल.

मी सुरुवात गोव्यापासून करते, कारण ते आपल्या अंगणातलं आहे. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रही हद्द ओलांडून गेले आणि पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या, २० च्या वर माणसं गेली. पोर्तुगालात तेव्हा सालाझारची हुकूमशाही, पण तोच पोर्तुगाल १९४९ पासून नाटो या पाश्चात्त्य लष्करी युतीचा संस्थापक सदस्य, आणि अझोर्स बेटांवरचा हवाई तळ अमेरिकेला हवा होता. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस गोव्याला पोर्तुगालचा प्रांत म्हणून मोकळे झाले. १९६१ ला आपण सैन्य घातलं तेव्हा भारताने माघार घ्यावी असा ठराव सुरक्षा परिषदेत आणणारे अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान, आणि तो व्हेटोने पाडला कुणी, तर सोव्हिएत युनियनने, जिथे स्वतःकडेच निवडणुकीचा पत्ता नव्हता. हे सांगितलं की वर्गात एकदम शांतता होते, कारण तोवर मुलांना वाटत असतं की हे सगळं लांब कुठंतरी अरबांच्या वाळवंटात चालतं.

पण माझं खरं उत्तर पुढं आहे. "हा गेला तर याच्यापेक्षा वाईट येईल" हे वाक्य हुकूमशहा नुसतं बोलत नाही, ते खरं ठरेल अशी सोय करून ठेवतो. आपल्याकडच्या साखरपट्ट्यात बघा ना, तालुक्यातल्या दादाने सोसायटी, बँक, कारखाना सगळीकडचे विरोधक संपवलेले असतात आणि मग वरचे नेते म्हणतात, तिकीट दुसऱ्या कुणाला देणार हो, आहे कोण?

इराणमध्ये अगदी हेच झालं. पंतप्रधान मोसाद्देकने १९५१ ला तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं, ऑगस्ट १९५३ मध्ये सीआयए आणि ब्रिटिश गुप्तहेरांनी मिळून त्याला पाडलं आणि तिथल्या राजाच्या, म्हणजे शहाच्या हातात सगळी सूत्रं आली. पुढची २५ वर्षं शहाच्या राजवटीने, आणि १९५७ पासून तिच्या सावाक या गुप्त पोलिसांनी, उदारमतवादी, डावे, पत्रकार, जो मधला माणूस दिसेल त्याला चेचला, मशिदींचं जाळं तेवढं शिल्लक राहिलं. मानवी हक्कांवर बोलणारे कार्टर ३१ डिसेंबर १९७७ च्या रात्री तेहरानमध्ये ग्लास उंचावून इराणला स्थैर्याचं बेट म्हणाले आणि जानेवारी १९७९ मध्ये शहा विमानात बसून पळाला. मग धर्मगुरू खोमेनी आले. आता म्हणा, बघा आम्ही सांगत नव्हतो का!

उलटं उदाहरण फिलिपिन्सचं. तिथला हुकूमशहा मार्कोस, त्यालाही अमेरिकेने क्लार्क आणि सुबिकच्या लष्करी तळांसाठी वर्षानुवर्षं सांभाळलं, पण तिथं चर्च होतं, विरोधी नेत्या कोराझोन अक्विनोंमागे उभी राहणारी माणसं होती, म्हणून फेब्रुवारी १९८६ मध्ये रेगनने हात काढून घेतल्यावर देश काही कम्युनिस्टांच्या घशात गेला नाही. तळसुद्धा लगेच गेले नाहीत, पुढची पाचसहा वर्षं होतेच. म्हणजे "पर्याय नाही" ही बऱ्याचदा थाप असते, किंवा आपणच पैसे देऊन खरी करून घेतलेली गोष्ट.

एवढं झालं की मुलं खूश, अमेरिकेला शिव्या घालून झाल्या. मग मी म्यानमार काढते. १९८८ ला आपण तिथल्या लोकशाहीवाल्यांच्या बाजूने होतो, आँग सान सू ची यांना १९९३ सालचा जवाहरलाल नेहरू पुरस्कार दिला, आणि २००४ ला लष्करशहा थान श्वे दिल्लीत सरकारी पाहुणे. कारणं खोटी नव्हती, चीन तिथं पाय पसरत होता, ईशान्येतले बंडखोर पलीकडे लपत होते, आणि तिथल्या सित्वे बंदरातून मिझोरामला जाणारा कलादान मार्ग पाहिजे होता. मला ती मजबुरी कळते. पण २७ मार्च २०२१ ला, लष्कराने सत्ता बळकावल्याला दोन महिनेही झाले नव्हते, लष्कराच्या परेडला आपला प्रतिनिधी हजर होता आणि त्याच दिवशी देशभर शंभरावर माणसं मारली गेली, ते मला पटत नाही, तिथं नसतो गेलो तर काय बिघडलं असतं? इकडे मिझोरामची माणसं पळून आलेल्यांना घरात घेत होती आणि दिल्ली सांगत होती, रोखा.

आणि फायदा तरी झाला का, तर ज्या कलादानसाठी लष्कराला सांभाळलं त्याच वाटेवरचं पलेत्वा जानेवारी २०२४ मध्ये त्या लष्कराशी लढणाऱ्या अराकान आर्मी या बंडखोर गटाने घेतलं. आता तो रस्ता पुरा करायचा म्हटलं तर बोलणी त्यांच्याशीच करावी लागणार.