वायोमिंगमध्ये एल्कची शिंगं शोधताना: ते सात दिवस

मी युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत राहतो, शेजारच्या वायोमिंगमधलं जॅक्सन गाव तिथून गाडीने पाचेक तास. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊच म्हणा, नराची शिंगं मार्च-एप्रिलमध्ये गळतात नि दरवर्षी नवी येतात. त्या भागात १ जानेवारी ते ३० एप्रिल सरकारी जमिनीवर शिंगं शोधायला बंदी असते, कारण हिवाळ्याअखेर जनावर अंगातल्या चरबीवर कसंबसं तग धरून असतं, त्यात माद्या गाभण. हे मला शंभर टक्के मान्य.

घोडं अडलं ते पुढे. २०२४ ला २१.५० डॉलरचा कॉन्झर्वेशन स्टॅम्प (बाहेरच्या राज्यातल्यांना शिंगं गोळा करायला लागणारा परवानाच म्हणा) घेतला, विकणाऱ्याला दोनदा विचारलं, आता झालं ना सगळं? तो म्हणाला हो, १ मे, सकाळी ६. बुधवारची रजा टाकली, रात्रभर गाडीत कुडकुडत लाइनीत बसलो आणि पहाटे शेजारच्या गाडीतल्या काकांनी माझी युटाची नंबरप्लेट बघून सांगितलं, अरे बाहेरच्यांना ८ मेपासून! २०२३ च्या कायद्याने स्थानिकांना सात दिवस आधी सोडतात. माझ्या डोळ्यांसमोरून ट्रक, घोड्यांचे ट्रेलर एकामागोमाग एक गेले नि मी गाडी वळवली. जंगल केंद्राचं म्हणजे अख्ख्या देशाचं, पण प्राणी राज्याच्या ताब्यात म्हणून नियम राज्याचा. असू दे, पण पैसे घेताना तारीख सांगायला काय होतं? त्यामुळे कुणाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका, नियम स्वतः वाचा.

८ ला परत रजा, परत पाच तास. जवळचे उतार साफ झालेले. चार तास चालल्यावर सेजब्रशच्या झुडपात वाळक्या फांदीसारखं काहीतरी दिसलं. सहा टोकांचं अख्खं शिंग! बुडाशी खडबडीत कडं, एका टोकाला खारींनी कुरतडल्याच्या बारीक खाचा. घरी वजन केलं, साडेतीन किलो. त्या क्षणी मी एकटाच ओरडलो.

दक्षिणेकडचे उतार आधी बघा, तिथलं बर्फ लवकर वितळतं. कुंपणाच्या कडेलाही बघा, उडी मारताना हिसक्याने शिंग पडतं. बेअर स्प्रे (अस्वल अंगावर आलं तर फवारायचा) कमरेला हवा, बॅगेत नाही. हो, आणि कवटीला चिकटलेलं शिंग उचलू नका, त्याचे नियम वेगळे. यलोस्टोन, ग्रँड टीटन पार्कमध्ये तर काहीच उचलायचं नाही.

जोडीचं दुसरं शिंग संध्याकाळपर्यंत शोधलं. मिळालं नाही. ते त्या सात दिवसांत कुणीतरी नेलेलं असणार.