आमची वाटचाल: पाळीची वही

२०१२ साली नागपूरच्या सीताबर्डीत दहा बाय बाराच्या गाळ्यात आम्ही पर्यटनाच्या धंद्याला सुरुवात केली. एक सेकंडहँड बोलेरो, एक फोन. पाहुण्यांना नागपूर विमानतळावरून घ्यायचं आणि पेंच नाहीतर ताडोब्याच्या रिसॉर्टवर सोडायचं, एवढंच काम. धंदा चालत होता. पण पेंचच्या सिल्लारी गेटच्या वाटेवरच्या गावांत आमचा पाहुणा चहालाही उतरत नसे. ज्यांची गाय वाघ नेतो, त्यांच्या हाती पर्यटनाचा पैसा येत नाही, हे मला फार बोचायचं.

म्हणून २०१६ मध्ये बफरमधल्या, म्हणजे राखीव जंगलाच्या कडेच्या पट्ट्यातल्या, एका गावात ओळखीच्या घरी पाहुणे ठेवू लागलो. तिथल्या काकू सैल कणीक हातांवर झुलवत कोपरापर्यंत लांबवायच्या आणि तापलेल्या पालथ्या मडक्यावर अलगद टाकायच्या. ती लांब पोळी होताना बघायला पाहुणे ताटावरून उठायचे. दोन वर्षांत गावात कुरबुर सुरू झाली. एकदा बोरिंगवर दोघी बायांनी गाडी अडवली. "भाऊ, बोरिंग गावाची, पानी तुमच्या पावन्याईले. आमाले का भेटते?" चूक माझीच होती. पैसा एका घरात जात होता. धूळ, कचरा, रात्रीचा गोंगाट मात्र सगळ्यांच्या वाट्याला येत होता.

त्या भांडणातूनच गावाची सहकारी संस्था उभी राहिली. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यानं किमान दहा वेगवेगळ्या कुटुंबांतले सभासद लागतात. इथं चौदा झाले. नोंदणीचे कागद तीनदा परत आले, तरी कोणी मागे हटलं नाही. भाग (शेअर) कितीही घेतले तरी मत एकच, आणि नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावाच लागतो. या दोन अटींमुळे गरीब घरं बिचकली नाहीत, असं मला वाटतं.

संस्थेचा खरा प्राण म्हणजे पाळीची वही, कोणत्या कामाची पाळी कोणाची ते लिहायची. लाल कापडी पाठीची, दोनशे पानी. पाहुणे कोणाकडे, स्वयंपाक कोणाचा, दूध कोणाचं, शिवारफेरीला कोण गेलं, सगळं तीत. ज्यांच्याकडे जादा खोली नाही, त्यांचंही नाव येतं. ऐन हंगामात काकूंच्या घरी आजारपण आलं, तेव्हा पूर्वी मी बुकिंग रद्द केलं असतं. आता सचिव ताईंनी वही उघडली, पुढचं नाव वाचलं, आणि पाहुणे शेजारच्या घरी जेवले.

आमच्या बाजूनंही सांगतो. दर आता मी ठरवत नाही, आमसभा ठरवते. पहिल्या वर्षी आमची कमाई बरीच घटली. एका कंपनीचे चाळीस जण एकाच रात्री यायचे होते. संस्थेनं नाही म्हटलं, पाणी पुरणार नाही म्हणून. मला ते पटायला वेळ लागला. पण तेव्हापासून एकाही पाहुण्याची पाण्यावरून तक्रार आली नाही, आणि बायांनी गाडी पुन्हा अडवली नाही.

जानेवारी २०२४ मध्ये पेंच देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे तारे बघता यावेत म्हणून रात्रीचा अंधार जपलेलं जंगल, झालं. वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतल्या रस्त्यांवरचे दिवे बदलून त्यांचा उजेड खाली वळवला गेला. अंधार ही एका घराला विकता येणारी गोष्ट नाही. एक जरी हॅलोजन जळला तरी आकाश फिकं पडतं. आमच्या गावातही एका आजोबांनी सापाच्या भीतीनं अंगणात झगझगीत दिवा लावला होता. संस्थेनं ठराव करून त्याला पत्र्याची टोपी बसवून दिली. पायरीवर उजेड राहिला, वर अंधार.

गेल्या एप्रिलमध्ये पुण्याचे पाहुणे त्याच अंगणात बाजेवर पडून सप्तर्षी बघत होते. आजोबा बाहेर आले आणि म्हणाले, "हे चार तारे म्हंजे म्हातारीची बाज, आन् हे तीन चोर ते चोरून नेते." मग तासभर गोष्ट रंगली. सकाळी सचिव ताईंनी वहीत नवीन रकाना आखला: गोष्ट. त्याखाली आजोबांचं नाव, आणि पुढे शंभर रुपये.