तुम्ही विचारलंत म्हणून: हिरवा रंग नाही, मग ती जगते कशावर?

उत्तराखंडातल्या ओकच्या जंगलातले मोनोट्रोपा या पांढऱ्याफटक फुलझाडाचे फोटो दाखवले की प्रश्न हमखास येतो, "ही कुजक्या पाल्यावर जगते ना? आम्हाला मृतोपजीवी म्हणून शिकवलं होतं." शिकवलं होतं खरं, पण ते चूक आहे. अजूनही तेच पाठ करून घेतात याचं मला वाईट वाटतं, कारण खरी हकिकत कितीतरी विलक्षण आहे.

कुजका पाला पचवणं फुलझाडाला जमत नाही. मोनोट्रोपाच्या मुळांभोवती बुरशीच्या तंतूंचं दाट आवरण असतं. ही बुरशी रुसुलाच्या गोतावळ्यातली, पावसात जिच्या छत्र्या उगवतात ती. तिचे तंतू ओकच्या मुळांनाही वेढून असतात. ती झाडाला पाणी आणि खनिजं पुरवते, झाड तिला साखर देतं. त्याच साखरेतला वाटा मोनोट्रोपा बुरशीकडून काढून घेते, आणि बदल्यात काही देताना दिसलेली नाही. म्हणजे ऊन खातो ओक, आणि जेवते ही.

पोलिश वनस्पतिशास्त्रज्ञ कामिएन्स्की यांनी १८८० च्या दशकातच मुळांवरची बुरशी पाहून हा तर्क मांडला होता. पुरावा मिळाला १९६० साली. स्वीडनच्या ब्यर्कमान यांनी झाडांच्या खोडात किरणोत्सारी कार्बन असलेलं ग्लुकोज टोचलं आणि काही दिवसांनी तो कार्बन जवळच्या मोनोट्रोपात सापडला. (ती युरोपातली पिवळसर जात, आपल्या हिमालयातल्या पांढरीची बहीण.) इतका सरळ प्रयोग मला दुसरा आठवत नाही.

जवळून पाहिलीत तर देठ मेणासारखा पांढरा, पानांच्या जागी नुसते खवले, टोकाला खाली मान घातलेलं एकच फूल. परागण झालं की तीच मान ताठ वर होते. बोटाने दाबलं की तिथे काळं पडतं. आणि ही चक्क बुरांसच्या, म्हणजे हिमालयातल्या ऱ्होडोडेंड्रॉनच्या कुळातली!

दुसरा प्रश्न, "कुंडीत लावता येईल का?" नाही. बी धुळीसारखं बारीक, त्यात शिदोरी जवळजवळ नाहीच. योग्य बुरशी भेटली तरच ते रुजतं, आणि त्या बुरशीला जिवंत झाड लागतं. मुळासकट उपटून आणलीत तरी तिला पोसणारा ओक डोंगरातच राहिलेला असतो. म्हणून कृपा करून उपटू नका. फोटो काढताना पाय कुठे ठेवताय तेही बघा, पाल्याखालून वर येणारे कोवळे कोंब पटकन दिसत नाहीत.