बर्कलीची खाडी आणि नेरुळची खाडी

नेरुळहून बर्कलीला राहायला आल्यापासून सॅन फ्रान्सिस्कोची खाडी माझ्या रोजच्या पाहण्यातली झाली आहे. गोल्डन गेट पुलाची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिलेली असतात. मला सांगायचे आहे ते खाडीच्या काठाविषयी, कारण तो सामान्य नागरिकांनी राखलेला आहे.

कारखाने, कचराभूमी, विमानतळ आणि मिठागरे यांच्यासाठी या उथळ खाडीत शंभर वर्षे भराव आणि बांध पडत गेले. १९६०च्या सुमारास तर बर्कली शहराने खाडी बुजवून आपले क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट करण्याचा आराखडा आखला होता. त्याविरुद्ध के कर, सिल्व्हिया मॅकलॉफ्लिन आणि एस्थर ग्युलिक या तिघींनी १९६१ मध्ये चळवळ उभी केली, आणि १९६५ मध्ये भरावावर नियंत्रण ठेवणारा आयोग कायद्याने स्थापन झाला. काठावर नवे काही बांधायचे असेल, तर लोकांना पाण्यापर्यंत शक्य तितकी मोकळी वाट देणे त्यामुळे बंधनकारक ठरले. आज मोठ्या हॉटेलांच्या आवारातूनही कोणालाही निर्धास्तपणे किनाऱ्यावर जाता येते, याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

आई इथे आली होती तेव्हा आम्ही हेवर्डच्या किनाऱ्यावर गेलो. ओहोटी लागलेली होती. चिखलाचा खारट, किंचित कुजका वास नाकात शिरताच ती म्हणाली, "अगं, हा तर आपल्या सारसोळे जेट्टीचा वास!" इथे कांदळवन नाही, मणी ओवल्यासारखी गाठीगाठींची, गुडघ्याएवढी खारी झुडपे आहेत, आणि त्यांच्या कडेने गुलाबी पायांचे शेकाटे चिखलातले किडे टिपत असतात. दक्षिणेकडची सुमारे १५,००० एकर मिठागरे सरकारने २००३ मध्ये विकत घेतली असून, ठिकठिकाणचे बांध फोडून तिथे पुन्हा भरतीचे पाणी घेतले जात आहे.

आपल्या ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, ही मोठीच गोष्ट आहे. तरीही आपल्यापैकी बहुतेकांना ती दिसते वाशीच्या पुलावरून लोकलच्या खिडकीतून, नाहीतर पाम बीच रोडवरून भरधाव जाताना. भरतीला खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की फ्लेमिंगो नेरुळच्या तलावांवर विसाव्याला येतात. पण त्या तलावांत भरतीचे पाणी येण्याच्या वाटा बुजल्या, तर त्यांनी उतरावे कुठे? या वाटा मोकळ्या राहाव्यात आणि काठापर्यंत चालत जाता यावे, ही मागणी नेरुळकरांनी आताच, एकत्र येऊन आणि लेखी करावी, असे मला मनापासून वाटते.