तुम्ही सड्यावर कधी आलात?

जनसुनावणी संपताना इतिवृत्त मोठ्याने वाचून दाखवावं लागतं. २००६ च्या ईआयए, म्हणजे पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या, अधिसूचनेतच तसं लिहिलेलं आहे. कोण काय बोललं याचा गोषवारा स्थानिक भाषेत जमलेल्या लोकांना ऐकवायचा आणि मगच जिल्हाधिकाऱ्यांनी किंवा त्यांच्या जागी बसलेल्या अपर जिल्हाधिकाऱ्यांनी सही करायची. तोवर मांडव बहुतेक ठिकाणी अर्धा रिकामा झालेला असतो. गेल्या अकरा वर्षांत मी वीसेक सुनावण्यांना बसले असेन. वाचन सुरू झालं की मी प्रोजेक्टरच्या वायरी गुंडाळायला घेते. त्या दिवशीही घेतल्या होत्या.

"मुद्दा क्रमांक सतरा. सड्यावरील वनस्पतींबाबत ग्रामस्थांनी विचारणा केली. सविस्तर अभ्यास करण्यात आल्याचे सल्लागारांनी सांगितले."

मागच्या रांगेतून आवाज आला, "माझा प्रश्न तो नव्हता."

रस्त्याचं आणि गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण प्रस्ताव अजून मंजुरीच्या वाटेवर आहे. दक्षिण कोकणातला नवा चौपदरी राष्ट्रीय महामार्ग आहे, एवढं पुरे. नवा राष्ट्रीय महामार्ग म्हणजे 'अ' वर्ग, म्हणजे मंजुरी दिल्लीहून. आधी अभ्यासाच्या अटी ठरतात, मग मसुदा अहवाल, मग तीस दिवसांची नोटीस देऊन जनसुनावणी, मग अंतिम अहवाल आणि शेवटी तज्ज्ञ मूल्यांकन समिती. रस्ता बांधणाऱ्याने नेमलेली सल्लागार संस्था हा अहवाल तयार करते. अशाच एका संस्थेत मी परिस्थितिकी आणि जैवविविधतेचं काम बघते. हवा, पाणी, आवाज, माती, समाजजीवन यांचे तज्ज्ञ वेगळे असतात. झाडं, फुलं, पक्षी, सरपटणारे प्राणी माझ्याकडे.

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सड्याबद्दल थोडं सांगायला हवं. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं, सपाट पठार. एप्रिलमध्ये तो काळा-तांबडा, भाजलेला असतो. चपलेतून चटके बसतात आणि जाळलेल्या गवताच्या खुंटांशिवाय काही दिसत नाही. सातबाऱ्यावर त्याची नोंद बहुतेक वेळा पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, अशी असते. रस्त्याची आखणी करणाऱ्या इंजिनिअरला याहून चांगली जमीन मिळणार नाही. घर नाही, आंब्याची कलमं नाहीत, पाया कठीण, मोबदला कमी. अहवालात तीन पर्यायी मार्गांची तुलना द्यावी लागते. कुठला निवडायचा हे आधी ठरतं आणि उरलेले दोन त्याच्या बाजूला उभे करायला आखले जातात, असंच मी बहुतेक प्रकल्पांत पाहिलंय. इथे सड्यावरून जाणारा पर्याय सगळ्या रकान्यांत पहिला आला. सर्वांत जोरकस रकाना होता 'बाधित वृक्ष'. त्या सात किलोमीटरांत बाधित वृक्ष शून्य, वनजमीनही शून्य.

आपली सगळी व्यवस्था झाडं मोजते. बुंध्याचा घेर मोजायचा, आकडा लावायचा, एका झाडामागे किती झाडं लावणार ते लिहायचं. जिथे झाडच नाही तिथे नुकसान नाही, असं गृहीत धरून तक्ते बनलेले आहेत.

मी सड्यावर गेले होते ११ ते १५ एप्रिलला, सुनावणीच्या आदल्या वर्षी. गवताळ वनस्पती मोजायची आमची पद्धत साधी आहे. एक मीटर बाय एक मीटरची चौकट जमिनीवर ठेवायची, आत जे दिसेल त्याची नावं आणि संख्या लिहायची, मग ठरलेल्या अंतरावर पुढची चौकट. झुडपांसाठी चौकट पाच मीटरची, झाडांसाठी दहाची. या संख्यांवरून विविधतेचा निर्देशांक काढतात. त्या पाच दिवसांत माझ्या बहुतेक चौकटी रिकाम्या होत्या. वाळलेल्या काड्या होत्या, पण काडीवरून जात ओळखता येत नाही. निर्देशांक अगदी खाली आला. अहवालात वाक्य गेलं की या भागात वनस्पती विरळ असून कोणतीही दुर्मीळ प्रजाती आढळली नाही.

त्या वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता. आढळली नाही, हे खरंच होतं.

एप्रिलच का, तर पायाभूत माहिती एका ऋतूची घ्यायची आणि तो ऋतू पावसाळा सोडून असावा, अशी पद्धत आहे. हवेच्या बाबतीत त्यात पूर्ण तथ्य आहे. पावसात धूळ बसते, मोजणी केली तर हवा आहे त्यापेक्षा स्वच्छ दिसते. म्हणून कोरड्या ऋतूत बारा आठवडे, आठवड्यातून दोनदा, चोवीस तासांचे नमुने घेतात. हवेसाठी शहाणपणाचा असलेला हा नियम सगळ्या अभ्यासाला लागला आणि फुलंही मार्च ते मेमध्येच मोजली जाऊ लागली. पावसाळ्यात जाऊ नका, असं कुठेही लिहिलेलं नाही. पण त्याचे पैसे कोणी देत नाही आणि वेळापत्रकात जागा नसते. मी मसुद्यात एक ओळ लिहिली होती: जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा सर्वेक्षण करणे आवश्यक. अंतिम वाचनात ती काढून टाकली गेली. समन्वयकाने सांगितलं की अशी ओळ ठेवली तर समिती अहवाल अपुरा म्हणून परत पाठवेल. मी वाद घातला नाही. हे मी विसरू शकत नाही, कारण सड्यावर पावसात काय असतं हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

कास पठार सप्टेंबरमध्ये बघायला लोक पैसे भरून, रांगा लावून जातात. २०१२ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत आलं. कोकणातले सडे उंचीने कमी, पण जातकुळी तीच. पहिला पाऊस पडला की कातळाच्या भेगांतून दीपकाडी वर येते. पांढऱ्या फुलांचा हा कंद कोकणपट्टीतल्या कातळांचाच. मग सीतेची आसवं, गेंद, कीटक खाणारा दवबिंदू, तेरडे. बोटभर मातीत, वाहत्या पाण्याच्या पातळ थरात ही झाडं तीन-चार महिन्यांत जन्म उरकतात. ऑक्टोबरअखेर बी पडलेलं असतं आणि सडा पुन्हा काळा.

सुनावणी मेच्या शेवटच्या आठवड्यात, शाळेच्या पटांगणातल्या मांडवात झाली. मे असल्यामुळे मुंबईचे चाकरमानी घरी होते, त्यामुळे गर्दी नेहमीपेक्षा मोठी. पहिले दोन तास मोबदल्याचे. मग दोन संघटनांचे कार्यकर्ते बोलले. त्यांचा हेतू चांगला होता, पण भाषण कुठल्याही रस्त्याला लागू पडेल असं होतं. निसर्ग वाचवा, विनाश थांबवा. अशा भाषणांना आम्ही सहज उत्तर देतो. चेनेज नंबर, म्हणजे रस्त्यावरचा नेमका अंतराचा आकडा, धरून, आमच्याच तक्त्यातली चूक दाखवून कोणी बोललं तर मात्र आमची अडचण होते, आणि तसं बोलणारे फार थोडे भेटतात.

त्यांच्यानंतर एक सत्तरीचे गृहस्थ उठले. सड्याखालच्या वाडीत त्यांची भातशेती आणि चार म्हशी. हातात आमच्या मराठी सारांशाची झेरॉक्स होती, ओळींखाली पेनने रेघा मारलेल्या. घरी मालवणी बोलणारा माणूस, पण माइकसमोर एकेक शब्द जपून प्रमाण मराठीत बोलत होता.

"मॅडम, यात आमचा सडा कुठे आहे? मी दोनदा वाचलं. सडा हा शब्दच नाही. पान नऊवर 'नापीक पठारी भूभाग' लिहिलंय, तो आमचा सडा का?"

मी हो म्हणाले. तो सारांश इंग्रजीवरून कोणीतरी घाईने उतरवलेला होता आणि मी तो छापायला जाण्याआधी वाचला नव्हता. 'मोरी' म्हणायचं तिथे 'जलवाहिनी संरचना' होतं. ज्यांची जमीन जाणार त्यांच्या हातात पडणारा हा एवढाच कागद. त्याच्याकडे आम्ही सगळ्यांत कमी लक्ष देतो.

"मग तुम्ही सड्यावर कधी आलात?"

आणि मी उत्तर दिलं, की मान्यताप्राप्त पद्धतीने सविस्तर अभ्यास करण्यात आलेला आहे. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि खाली बसले. पुढचा माणूस बोलायला लागला.

म्हणून इतिवृत्तात जे लिहिलं गेलं ते चुकीचं नव्हतं. लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने माझं वाक्य तंतोतंत घेतलं होतं. ते दुसऱ्याच्या आवाजात, त्या सरकारी चालीत ऐकलं आणि माझ्या हातातली वायर तशीच राहिली.

"माझा प्रश्न तो नव्हता," ते उभं राहून म्हणत होते. "अभ्यास केला का, असं मी विचारलं नाही. कधी केला, ते विचारलं. यांनी तारीख सांगितली नाही. तसं लिहा."

अपर जिल्हाधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. प्रकल्पाचे अधिकारी हळूच म्हणाले, नंतर लेखी देऊ म्हणा. ते म्हणणं नियमात बसलं असतं.

मी माइक घेतला आणि सांगितलं, "११ ते १५ एप्रिल. पावसाळ्यात गेलेलो नाही."

मांडवात कोणी ओरडलं नाही. एवढंच, की माझ्या शेजारची खुर्ची थोडी लांब सरकली. बायकांच्या बाजूने एका आजींनी माइकशिवायच विचारलं, "सडो फोडल्यार आमच्या झऱ्याचा पाणी खंय जातला?"

हा प्रश्न माझ्या विषयातला नव्हता, पण त्या दिवसातला सगळ्यांत मोठा तोच. जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेलं पाणी त्यात मुरतं, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडतं आणि त्या थराच्या कडेने, सड्याच्या पायथ्याशी झरा होऊन बाहेर येतं. वाड्या तिथेच वसलेल्या आहेत. सडा उतरताना रस्त्याला चढ-उताराची मर्यादा पाळावी लागते, म्हणून कडेला खोल खोदकाम येतं. आमच्या उभ्या छेदाच्या नकाशात ते स्पष्ट दिसत होतं, चिकणमातीपर्यंत. पाण्याच्या प्रकरणात विहिरींच्या पाण्याची रासायनिक तपासणी होती. पाणी येतं कुठून, हे नव्हतं. दोन तज्ज्ञांनी आपापली प्रकरणं लिहिली, नकाशा तिसऱ्याकडे होता आणि तिघांना एका टेबलावर बसवणं कोणाचंच काम नव्हतं.

दोन्ही मुद्दे इतिवृत्तात गेले. माझी तारीखही गेली, आणि सही झाली. सुनावणीत आलेल्या मुद्द्यांना अंतिम अहवालात उत्तर द्यावंच लागतं. त्यामुळे जे मी वर्षभर आधी मागून मिळालं नव्हतं, ते आता टाळता येईना. परतीच्या गाडीत समन्वयक माझ्याशी बोलला नाही. त्याचंही मला समजतं. उशिराचा हिशेब त्यालाच द्यायचा होता.

जुलैत मी सहा दिवस सड्यावर होते. त्याच ठिकाणी, जीपीएसचे तेच बिंदू धरून, त्याच चौकटी. काही चौकटींत मोजणी संपवायला तास लागला. एका माणसाने छत्री धरायची आणि मी उकिडवं बसून मोजायचं. दीपकाडीची फुलं होऊन गेली होती, पण पानं आणि फळं होती. आखणीच्या मध्यरेषेपासून चाळीस पावलांवर. सुट्या दगडांखाली पांढऱ्या पट्ट्यांची ती छोटी पाल मिळाली, जी कोकणातल्या सड्यांवरच राहते. दगड उलटला की तो होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवायचा असतो. हे मी माझ्या सहायकाला शिकवत होते, तर सुनावणीत तारीख विचारणारे ते काका मागून म्हणाले, "आम्ही पोरांना हेच सांगतो. खाली कोण राहतं ते माहीत नसतं." ते रोज यायचे. पाण्याची तज्ज्ञही या वेळी बरोबर होती आणि काकांनी तिला झऱ्यांची सगळी तोंडं दाखवली.

पुरवणी अहवाल गेला. आखणी बदललेली नाही. खोदकामाची खोली कमी करण्यासाठी रस्त्याची पातळी उचलता येईल का, ते बघू, असं डिझाइनवाल्यांनी लेखी दिलंय. प्राथमिक बैठकीत कोणीतरी अंडरपासचं सुचवलं. पेंचजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ वर अंडरपास आहेत, सर्वांत लांब साडेसातशे मीटरचा. त्यांच्या खालून वाघ जाताना कॅमेऱ्यांत दिसले आहेत आणि ते काम खरोखर चांगलं झालंय. पण दीपकाडी चालत पलीकडे जात नाही. पाण्याचा पातळ थर एकदा गटारात वळला की खालच्या अंगाचा सडा कोरडा पडतो. हे समितीसमोर नीट मांडायचं तर सड्याच्या कडेने जाणारा, लांबीला थोडा जास्त पण कातळ टाळणारा मार्ग दाखवावा लागेल. तो मी हाताने काढलेला आहे. अधिकृत पर्यायांत तो नाही.

अहवालाच्या सुरुवातीला प्रत्येक तज्ज्ञाचं प्रतिज्ञापत्र असतं. नाव, विषय, सही आणि एक रकाना: सहभागाचा कालावधी. परवा जुनी फाइल काढली तेव्हा दिसलं, माझ्याच अक्षरात तिथे एप्रिल लिहिलेला होता. काकांनी जे विचारलं ते पहिल्यापासून छापलेलं होतं, फक्त इंग्रजी अहवालात. मराठी सारांशात ते पान घेत नाहीत.

या वेळचा सारांश मी स्वतः लिहिला. वनस्पतींची यादी काकांना आधी पाठवली आणि स्थानिक नावांचा रकाना मोकळा ठेवला. आठ दिवसांनी त्यांच्या मुलाने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. पेनने भरलेली नावं, त्यातली काही मी कधी ऐकलेली नव्हती. पाच जागा मोकळ्या होत्या आणि कडेला लिहिलं होतं, "बायकांना विचारून कळवतो."